विधिमंडळातून न्यायासनावर : न्यायमूर्ती काशीनाथ त्र्यंबक तेलंग

जालन्याच्या मोंढ्यातील किंवा सराफ्यातील एखाद्या जुन्या पेढीचे खाते बँकेत उघडावयाचे झाले, म्हणजे एक कागद हमखास पुढे येतो. खाते हिंदू अविभक्त कुटुंबाच्या नावाचे असेल तर एकट्या कर्त्याच्या सहीवर भागत नाही. घरातील सर्व सज्ञान सहदायादांनी सही केलेले पत्र बँकेस द्यावे लागते. आजोबा कर्ते, वडील आणि काका प्रत्यक्ष व्यवहार पाहणारे, आणि नुकताच पदवीधर होऊन गादीवर बसू लागलेला नातू, असे तीन पिढ्यांचे हात त्या एका कागदावर उमटतात. नातू सहसा काही विचारीत नाही. विचारलेच तर त्याचा प्रश्न ठरलेला असतो : वडिलार्जित मिळकतीत माझा हिस्सा जन्मापासून आहे असे म्हणतात, मग आजोबा आणि वडील हयात असताना, वडिलांची संमती नसताना, तो हिस्सा मला वेगळा मागता येईल काय?

हा प्रश्न १८९१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे आला होता. बहुमताने उत्तर दिले, मागता येणार नाही. एका न्यायाधीशाने आपले भिन्नमत नोंदविले आणि मूळ संस्कृत ग्रंथांच्या आधारे सांगितले की मागता येईल. हे न्यायाधीश म्हणजे काशीनाथ त्र्यंबक तेलंग. या निकालाच्या अवघी दोन वर्षे आधीपर्यंत ते राजकारणात होते. मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलाचे ते सभासद होते, काँग्रेसच्या संस्थापकांपैकी होते, आणि सरकारने कोणता कायदा कसा करावा हे जाहीर सभांतून सांगत होते. कायदा घडविणाऱ्यांच्या बाकावरून उठून कायद्याचा अर्थ लावणाऱ्यांच्या आसनावर बसणारी माणसे आपल्याकडे थोडीच झाली. त्यांत तेलंगांचे चरित्र व्यापारी घराण्यांच्या दृष्टीने विशेष पाहण्याजोगे आहे, कारण त्यांच्या विचाराचे दोन मोठे विषय म्हणजे व्यापारावरील जकात आणि एकत्र कुटुंबाची मिळकत.

त्या काळी जालना निजामाच्या राज्यात होते. मुंबईच्या उच्च न्यायालयाचा अंमल येथे नव्हता, आणि मनमाडहून येणारी रेल्वेही अद्याप पोचलेली नव्हती. तरीही जी कायद्याची चौकट आज येथील पेढ्यांना लागू आहे, तिचा बराचसा भाग ज्या न्यायालयात घडला, तेच हे न्यायालय.

तेलंगांचा जन्म ३० ऑगस्ट १८५० रोजी मुंबईत, गौड सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. अमरचंद वाडीतील मराठी शाळेत ते पाचव्या वर्षी गेले आणि १८५९ मध्ये एल्फिन्स्टन हायस्कुलात दाखल झाले. तेथे नारायण महादेव परमानंद यांच्यासारखे करारी आणि विचारी शिक्षक त्यांना लाभले. पुढे गुरुशिष्याचे हे नाते स्नेहात बदलले. एल्फिन्स्टन कॉलेजातून एम.ए. आणि एल्‌एल.बी. झाल्यावर त्यांनी उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत वकिली करण्याची परीक्षा दिली. ही शाखा तोवर बहुतेक विलायतेहून आलेल्या बॅरिस्टरांची होती. बाळ मंगेश वागळे यांनी प्रथम तिचे दार भारतीयांसाठी उघडले, आणि १८७२ मध्ये तेलंग त्याच दाराने आत गेले. इंग्रजीवर प्रभुत्व होतेच. शिवाय मिताक्षरा आणि व्यवहारमयूख हे ग्रंथ मूळ संस्कृतात वाचून त्यांतील उतारे न्यायालयापुढे ठेवणारा वकील तेथे विरळा. इंग्रज वकिलांची सारी भिस्त भाषांतरांवर असे. त्यामुळे हिंदू कायद्याचे खटले तेलंगांकडे आपोआप येऊ लागले. वकिलीचा जम बसल्यावर चालून आलेली सरकारी नोकरी त्यांनी नाकारली.

वकिलीच्या पाचव्या वर्षी, म्हणजे १८७७ मध्ये, तेलंगांनी खुला व्यापार आणि संरक्षक जकात या विषयावर भारतीय दृष्टीतून एक निबंध लिहिला. त्यामागची परिस्थिती थोडी उलगडून सांगितली पाहिजे. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५० च्या दशकात निघाली आणि पुढील वीस वर्षांत गिरण्यांची संख्या वाढत गेली. विलायती कापडावर हिंदुस्थानात पाच टक्के आयात जकात होती. ती मूलतः महसुलासाठी होती, कोणाच्या रक्षणासाठी नव्हे. परंतु मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना एवढीही जकात खुपत होती. खुला व्यापार हेच अर्थशास्त्राचे अटळ तत्त्व आहे, तेव्हा ही जकात उठवा, असा त्यांचा लकडा लंडनच्या सरकारमागे होता. इंग्लंडातील बहुतेक अर्थशास्त्री या तत्त्वाच्या बाजूचे, आणि इकडील शिकलेले तरुण त्यांचीच पुस्तके वाचून परीक्षा उतरलेले. अशा वेळी एका सत्तावीस वर्षांच्या वकिलाने उलट बाजू मांडावी, यास धैर्य लागत होते.

तेलंगांचे म्हणणे थोडक्यात असे, की ज्या देशातील उद्योग अजून बाल्यावस्थेत आहेत, त्या देशास प्रौढ उद्योगांच्या देशाचे नियम सरसकट लावता येत नाहीत. रांगत्या मुलाची आणि पहिलवानाची कुस्ती लावून तिला न्याय्य स्पर्धा म्हणता येत नाही. जॉन स्टुअर्ट मिल हे खुल्या व्यापाराचे पुरस्कर्ते. परंतु नव्या उद्योगास पायावर उभे राहीपर्यंत तात्पुरते संरक्षण द्यावे, हे त्यांनीही मान्य केले होते. सरकारने व्यापारात हात घालू नये हे तत्त्व म्हणून ठीक; पण जकात उठवा असे सांगणारेही सरकारला हातच घालावयास सांगत होते, फक्त दुसऱ्याच्या बाजूने.

याचा सरकारवर काही परिणाम झाला काय? तत्काळ मुळीच नाही. व्हॉइसरॉय लॉर्ड लिटन यांनी १८७९ मध्ये आपल्याच कौन्सिलाच्या बहुमतास डावलून जाड्याभरड्या कापडावरील जकात काढली, आणि १८८२ मध्ये जवळजवळ सर्वच आयात जकाती गेल्या. परंतु पुढे दादाभाई, रानडे, जोशी, गोखले या मंडळींनी हिंदुस्थानचे जे अर्थशास्त्र उभे केले, त्यात तेलंगांच्या या निबंधाची विटही आहे. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सळ्यांचा कारखाना चालविणारा उद्योजक आज परदेशी पोलादावर शुल्क बसावे म्हणून दिल्लीकडे डोळे लावून असतो, आणि तेच पोलाद कच्चा माल म्हणून घेणारा त्याचा शेजारी शुल्क नको म्हणतो. वाद जुनाच आहे. फक्त पात्रे बदलली आहेत.

याच सुमारास सार्वजनिक जीवनात तेलंग, फिरोजशहा मेहता आणि बद्रुद्दीन तय्यबजी हे त्रिकूट पुढे आले. एक हिंदू, एक पारशी, एक मुसलमान. तिघेही उच्च न्यायालयातील वकील. युरोपियन आरोपींचे खटले भारतीय न्यायाधिकाऱ्यांनी चालवावेत की नाही यावरून इल्बर्ट विधेयकाचे वादळ उठले, तेव्हा १८८३ मध्ये मुंबईच्या टाऊन हॉलमधील सभेत तिघेही बोलले. जानेवारी १८८५ मध्ये तिघांनी मिळून बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली. दरम्यान, सबंध देशाच्या शिक्षणपद्धतीचा विचार करणाऱ्या हंटर आयोगावर तेलंगांनी काम केले होते, आणि त्याबद्दल १८८२ मध्ये त्यांना सी.आय.ई. हा किताब मिळाला होता.

मुंबईच्या गव्हर्नरांनी १८८४ मध्ये त्यांस कायदे कौन्सिलावर नेमले. आजच्या आमदारकीचे चित्र डोळ्यांपुढे ठेवून हे पद समजणार नाही. निवडणूक नव्हती, मतदारसंघ नव्हता. १८६१ च्या कायद्याप्रमाणे गव्हर्नर आपल्या पसंतीचे मोजके सभासद नेमीत, तेही दोन वर्षांपुरते. पुढे आलेल्या विधेयकावर बोलावयाचे, एवढाच अधिकार. सरकारला प्रश्न विचारता येत नसे. अंदाजपत्रकावर चर्चा करता येत नसे. ज्या करांचा पैसा रयत भरते, तो कसा खर्च होतो हे विचारण्याची सोय रयतेच्या म्हणविल्या जाणाऱ्या प्रतिनिधीस नव्हती. हिशेबाच्या वह्या न दाखविता ताळेबंदावर सही मागण्यासारखाच हा प्रकार.

तेलंग या कौन्सिलात बसले, आणि बाहेर येऊन तेच बदलण्याची मागणी करू लागले. डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेच्या वास्तूत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. तेथील तिसरा ठराव तेलंगांनी मांडला : कौन्सिलांचा विस्तार करा, त्यांत निवडून आलेले सभासद पुरेशा प्रमाणात घ्या, अंदाजपत्रक त्यांच्यापुढे ठेवा आणि त्यांना प्रश्न विचारू द्या. ठरावास अनुमोदन देणारे होते मद्रासचे एस. सुब्रह्मण्य अय्यर, तेही आपल्या इलाख्याच्या कौन्सिलाचे सभासद. योगायोग असा, की ठराव मांडणारे आणि अनुमोदक दोघेही पुढे आपापल्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. ठरावातील मागण्यांचा काही अंश १८९२ च्या कायद्याने पदरात पडला. अंदाजपत्रकावर बोलता येऊ लागले, प्रश्न विचारता येऊ लागले आणि मागील दाराने का होईना, निवडणूक आत आली.

कौन्सिलातील त्यांच्या काळात सर्वांत मोठे काम झाले ते मुंबई महानगरपालिकेच्या कायद्याचे. सरकारी मसुद्यात नगरसंस्थेचे हात बांधणाऱ्या तरतुदी होत्या. तेलंग आणि मेहता यांनी सभागृहात त्यांची चिकित्सा केली, आणि १८८८ मध्ये मंजूर झालेला कायदा पुष्कळ सुधारून बाहेर पडला. मुंबई महानगरपालिका आजही त्याच १८८८ च्या कायद्यावर चालते, ही गोष्ट तेथील व्यापाऱ्यांनाही क्वचितच ठाऊक असते.

येथपर्यंतचे तेलंग सरळ रेषेत चालताना दिसतात. समाजसुधारणेच्या प्रांतात तसे नाही, आणि ते लपवून त्यांचे चरित्र लिहिणे योग्य होणार नाही. बालपणी लावून दिलेले लग्न नाकारून पतीकडे नांदावयास न जाणाऱ्या रखमाबाईंविरुद्ध खटला झाला, तेव्हा त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत तेलंग होते. संमतिवयाच्या प्रश्नावर, सरकारला असा कायदा करण्याचा अधिकार आहे आणि शास्त्रही त्याच्या आड येत नाही, या पक्षाचे ते होते. तथापि १८८६ मधील एका व्याख्यानात त्यांनी सांगितले, की समाजसुधारणा आधी झाल्याखेरीज राजकीय सुधारणा होऊच नये असा हट्ट धरण्याचे कारण नाही. जेथे विरोध कमी तेथे पाऊल आधी टाकावे. आणि स्वतःच्या घरात मात्र त्यांनी मुलीचे लग्न ती अगदी लहान असतानाच लावून दिले. त्यांच्यावर झालेली टीका कठोर होती, आणि ती अन्यायाची होती असे म्हणता येत नाही. एकत्र कुटुंबातील वडीलधाऱ्यांच्या दडपणाने मोठमोठ्यांचे पाय कसे लटपटत, याचे हे उदाहरण आहे. रानड्यांच्या पुनर्विवाहातही हेच घडले होते. एवढे मात्र खरे, की घरातील वडीलधाऱ्यांच्या शब्दाचा भार काय असतो हे जाणणारा माणूस पुढे पिता-पुत्रांच्या हक्कांचा निवाडा करावयास बसला.

१८८९ मध्ये न्यायाधीशपदाचे बोलावणे आले. तेलंग त्या वेळी एकोणचाळिशीच्या उंबरठ्यावर होते. नानाभाई हरिदास यांच्या रूपाने भारतीय माणूस त्या आसनावर आधीच बसलेला होता, त्यामुळे वाट नवी नव्हती; परंतु किंमत मोठी होती. वकिलीचे उत्पन्न सोडावयाचे, कौन्सिल सोडावयाचे, आणि त्याहून अवघड म्हणजे राजकारणाविषयी तोंड मिटावयाचे. ज्या काँग्रेसच्या जन्मास ते उपस्थित होते, ती त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुन्हा मुंबईत भरली. सर विल्यम वेडरबर्न अध्यक्ष होते, पार्लमेंटचे सभासद चार्ल्स ब्रॅडलॉ मुद्दाम विलायतेहून आले होते. कौन्सिल सुधारणेचा तेलंगांचाच विषय तेथे ऐरणीवर होता. पण राजकीय व्यासपीठावर आता त्यांना स्थान नव्हते. मेहता राजकारणातच राहिले आणि त्यांचे नाव मोठे झाले. तेलंगांनी हा निर्णय घेण्यात चूक केली असे मानणारे तेव्हाही होते. व्हॉइसरॉयच्या कौन्सिलातील जागाही त्यांनी पूर्वी नाकारली होती, हे लक्षात घेतले म्हणजे पदाच्या मोहाने ते न्यायासनावर गेले असे म्हणण्यास आधार राहत नाही. ग्रंथ, पुरावा आणि तर्क यांत रमणारी त्यांची वृत्ती सभेच्या टाळ्यांपेक्षा न्यायासनास अधिक जवळची होती.

आता त्या १८९१ च्या खटल्याकडे वळू. ‘आपाजी विरुद्ध रामचंद्र’ या नावाने तो कायद्याच्या पुस्तकांत प्रसिद्ध आहे. मुख्य न्यायाधीश सर चार्ल्स सार्जंट यांच्या काळातील हे पूर्णपीठ. मुद्दा असा : वडील हे स्वतःच आपल्या वडिलांशी किंवा भावांशी एकत्र आहेत. अशा वेळी मुलगा, वडिलांची इच्छा नसताना, वाटणीचा दावा लावू शकतो काय?

हा प्रश्न निर्माण का झाला, हे पाहिले पाहिजे. मिताक्षरा पद्धतीत मुलगा, नातू, पणतू यांना वडिलार्जित मिळकतीत जन्मतःच हक्क प्राप्त होतो. हा हक्क वडिलांच्या कृपेने नव्हे, जन्माने येतो. असे असेल तर तो वेगळा मागण्याचा अधिकारही त्यात आला पाहिजे. उलट बाजूने असे म्हणता येते, की मुलाचा हिस्सा हा वडिलांच्या हिश्शातूनच निघणार. वडील मधला दुवा. तो दुवा स्वतः एकत्र राहू इच्छीत असेल, तर त्याला ओलांडून मुलाने थेट आजोबांशी किंवा काकांशी वाटणी मागणे म्हणजे सारे घरच खिळखिळे करणे. बहुमताने हीच बाजू उचलली आणि वडिलांची संमती आवश्यक ठरविली.

तेलंगांनी मूळ वचने उघडली. मिताक्षरेत विज्ञानेश्वराने स्पष्ट म्हटले आहे, की आईस आणखी अपत्ये होण्याचा संभव असला, वडिलांची संसारातील आसक्ती टिकून असली आणि त्यांस वाटणी नको असली, तरीही आजोबांकडून आलेल्या मिळकतीची वाटणी मुलाच्या इच्छेने होऊ शकते. ज्या ग्रंथावर सारा कायदा उभा आहे, तोच हक्क देत असेल, तर न्यायालयाने त्याला स्वतःची अट जोडावी काय, असा हा प्रश्न होता. तेलंगांचे उत्तर नकारार्थी होते.

येथे त्यांच्या पूर्वायुष्याची आठवण येते. नवा कायदा करा, जुना बदला, असे सांगण्यात ज्याची सात-आठ वर्षे गेली, तो माणूस न्यायासनावर बसल्यावर सुधारकी आवेशाने निकाल लिहील, अशी भीती कोणासही वाटली असती. एका पिढीच्या मुठीत सर्व मिळकत राहू नये, तरुणांस मोकळीक मिळावी, असे लिहिणे त्यांस सहज शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. त्यांचा मार्ग जुन्या ग्रंथाचाच राहिला. आणि गंमत अशी, की त्या जुन्या ग्रंथातून निघालेला अर्थ त्यांच्या इंग्रज सहकाऱ्यांच्या अर्थापेक्षा अधिक पुढारलेला निघाला. कौन्सिलात असताना कायदा कसा असावा हे त्यांनी सांगितले. न्यायालयात तो कसा आहे एवढेच सांगितले. दोन्ही ठिकाणी माणूस एक, पण काम वेगळे, ही रेषा त्यांनी ओळखली होती.

व्यापारी घराच्या दृष्टीने बहुमतालाही वजन होते, हे मान्य केले पाहिजे. पेढीचे भांडवल एकत्र असते, देणी-घेणी एकत्र असतात, बाजारातील पत एका नावावर असते. प्रत्येक सज्ञान नातवास कोणत्याही दिवशी वाटणीचा दावा लावता येऊ लागला, तर उधारी देणारा आणि बँक दोघेही सावध होणार. परंतु दुसरी बाजूही बँकेच्या टेबलावर दिसते. वडील कर्जात बुडत चालले आहेत, काकांचा हात सैल आहे, आणि सहदायाद म्हणून सही केलेला तरुण हताशपणे पाहत आहे. त्याच्या हिश्श्याचे रक्षण करण्याचा मार्गच नसेल, तर जन्मसिद्ध हक्क या शब्दास अर्थ काय उरतो?

मद्रास आणि अलाहाबाद येथील उच्च न्यायालयांनी मुलाचा हक्क मान्य केला. मुंबईत मात्र बहुमताचाच नियम पुढे अनेक दशके चालला. एकाच देशात, एकाच मिताक्षरेखाली, मद्रासच्या नातवास जे मिळे ते मुंबईच्या नातवास मिळत नसे. तेलंगांचे भिन्नमत हे अशा रीतीने आपल्या प्रांतात हरले आणि शेजारच्या प्रांतांत जिंकले.

स्त्रीधनाच्या वारसाविषयी व्यवहारमयूखाचा अर्थ लावणारे त्यांचे विवेचनही असेच नावाजलेले आहे. न्यायासनावरील चार वर्षांत त्यांनी केलेल्या कामाचा मोठा भाग हिंदू कायद्याचाच होता. १८९२ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे अध्यक्षही. ही दोन्ही पदे तोवर कोणाही भारतीयास मिळालेली नव्हती. त्यांचे भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर मॅक्सम्युलर यांच्या प्राच्य धर्मग्रंथांच्या मालेत १८८२ मध्ये निघाले होते. याच मालेत दोन वर्षांनी हर्मन याकोबी यांनी भाषांतरित केलेली आचारांग आणि कल्पसूत्र ही जैन आगमे प्रसिद्ध झाली, हे वाचकांस सांगण्याजोगे आहे. लेसिंग या जर्मन नाटककाराच्या, तीन धर्मांच्या सहजीवनावरील नाटकाचे मराठी भाषांतरही तेलंगांनी केले. एवढे सर्व वकिली, कौन्सिल आणि न्यायालय सांभाळून.

१ सप्टेंबर १८९३ रोजी त्यांचे निधन झाले. त्रेचाळिसावे वर्ष पुरे होऊन दोनच दिवस झाले होते. त्यांच्या पश्चात कुलगुरुपद डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांकडे गेले, आणि न्यायालयात महादेव गोविंद रानडे आले. रानडेही कायदे कौन्सिलाचे सभासद राहिलेले. त्रिकुटातील बद्रुद्दीन तय्यबजी १८८२ मध्ये कौन्सिलावर होते. १८९५ मध्ये तेही न्यायाधीश झाले. आणि मग १८९७ मध्ये एक विलक्षण प्रसंग आला. लोकमान्य टिळक, जे स्वतः त्या वेळी मुंबई कौन्सिलाचे निवडून आलेले सभासद होते, राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडले गेले. जामिनाचा अर्ज प्रथम न्यायमूर्ती पार्सन्स आणि रानडे यांच्यापुढे आला, तो नामंजूर झाला. पुढे तय्यबजींपुढे आला, तो त्यांनी मंजूर केला. पूर्वाश्रमीचे दोन कौन्सिल सभासद, एकच आरोपी, आणि दोन भिन्न आदेश. राजकारणातून आलेला न्यायाधीश अमुकच निकाल देईल असे भाकीत करणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. त्याच परंपरेतील सर नारायण चंदावरकर १९०१ मध्ये न्यायाधीश झाले, आणि निवृत्तीनंतर १९२१ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलाचे अध्यक्ष झाले. म्हणजे वर्तुळ उलट दिशेने पुरे झाले.

स्वातंत्र्यानंतरचे उदाहरण जालन्याच्या अधिक जवळचे आहे. १९५२ मध्ये हैदराबाद राज्याची पहिली विधानसभा निवडून आली, तेव्हा जालना औरंगाबाद जिल्ह्याचा भाग म्हणून त्याच राज्यात होते. येथील मतदारांचे प्रतिनिधी त्याच सभागृहात बसत. मराठीभाषक वकील गोपाळराव एकबोटे तेथे आमदार होते आणि बुर्गुल रामकृष्णराव यांच्या मंत्रिमंडळात मंत्रीही झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याची विभागणी झाली. मराठवाडा मुंबई राज्यात आला. एकबोटे हैदराबादेतच राहिले, पुढे आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि १९७२ ते १९७४ या काळात मुख्य न्यायाधीश झाले. केरळात १९५७ च्या मंत्रिमंडळातील व्ही. आर. कृष्ण अय्यर १९६८ मध्ये तेथील उच्च न्यायालयावर आणि १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयावर गेले. आपल्या संविधानाचे २१७ वे कलम उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशासाठी दहा वर्षांची वकिली किंवा न्यायिक पद मागते. तो कधी आमदार किंवा पक्षाचा पदाधिकारी होता काय, हे विचारीत नाही. अलीकडे मुंबई उच्च न्यायालयातील एका नेमणुकीवरून या विषयाची पुन्हा बरीच चर्चा झाली. शंका घेणे गैर नाही. परंतु तिचे उत्तर नेमणुकीच्या दिवशी मिळत नाही. ते निकालपत्रांतून, सावकाश मिळते.

आरंभीच्या नातवाच्या प्रश्नाचे आजचे उत्तर मात्र १८९१ पेक्षा गुंतागुंतीचे झाले आहे. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा जैन कुटुंबांनाही लागू आहे. त्या कायद्यानंतर वडिलांकडून वारशाने आलेली त्यांची स्वतंत्र मिळकत मुलाची वैयक्तिक ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये सांगितले. तिच्यात नातवाचा जन्मसिद्ध हक्क उरत नाही. २००५ च्या दुरुस्तीने मुलगी मुलाप्रमाणेच सहदायाद झाली, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही. प्राप्तिकराच्या दृष्टीने तर १९७८ नंतरची अर्धवट वाटणी मानलीच जात नाही. तेव्हा आता बँकेच्या त्या पत्रावर नातवाबरोबर नातीचीही सही लागते. लग्न होऊन ती पुण्यास किंवा इंदुरास गेली असली तरीही.

जालना १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ औरंगाबादेस सुरू झाले. जिल्हा न्यायालयात निकाली निघालेला वाटणीचा दावा अपिलात तेथे जातो. असा दावा लढविणाऱ्या वकिलास कधी ना कधी मुंबई मालिकेचा सोळावा खंड काढावा लागतो. त्याच्या एकोणतिसाव्या पानापासून ‘आपाजी विरुद्ध रामचंद्र’ छापलेला आहे, आणि बहुमताच्या मताशेजारी तेलंगांचे भिन्नमतही.